नवा तक्ता

“तू नको, मी धरतो,” म्हणत कारखान्यात लेथ यंत्र चालवणाऱ्या टर्नरने लेकीच्या उजव्या डोळ्यावर स्वतःचा तळवा ठेवला. पोरं बोटांच्या फटीतून बघतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी त्याने तेच केलं होतं.

“आता दारावरचं वाच. वरपासून.”

“अहो, रविवारी सकाळी सकाळी काय मांडलंय हे?” बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती. “दूध तरी पिऊ दे तिला.”

“तू मध्ये पडू नकोस.”

महिनाभर तो लेकीवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवत होता. खरं तर त्याच्या डोळ्यांत तेल घालायला जागा नव्हती, दिवसातून सहा वेळा औषधाचे थेंबच पडायचे. बुबुळांवरचा पडदा वर्षागणिक पातळ होत पुढे येत चालला होता. कडक लेन्स चढवल्या की कामापुरतं निभायचं, बारीक अक्षरं मात्र तरीही लागायची नाहीत; काढल्या की एका दिव्याचे पाच दिवे. आज डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, म्हणून लेन्स डबीतच होत्या. पण लेकीचं डोळे चोळणं बघायला लेन्स लागत नव्हत्या. काल दुपारी तासाभरात चौदा वेळा. विचारलं तर म्हणे झोप आलीय. वाचताना मान वाकडी, विचारलं तर म्हणे सवय. तो पेपर तोंडासमोर धरून आडून बघायचा, तेव्हा बायको म्हणायची, “निदान सुलटा तरी धरा.”

पोरीच्या बोलण्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. म्हणून त्याने आज सगळ्यांच्या आधी उठून एक काम उरकलं होतं. स्वयंपाकघराच्या दारामागे डोळे तपासायचा एक जुना तक्ता कित्येक वर्षं होता. कंपनीतल्या दवाखान्यात तसाच होता, म्हणून त्याने मुद्दाम आणलेला. तो काढून त्याने दुसरा लावला. “वरचं मोठं अक्षर तेच आहे, खालची सगळी वेगळी,” चष्मेवाल्याने सांगितलं होतं. घरात हे कोणालाच माहीत नव्हतं.

“वाचतेस ना?”

“र,” लेक म्हणाली. मग जराही न अडखळता, “ग, म. त, ल, प. न, व, ख, स…” एकेक ओळ उतरत ती थेट तळाशी पोचली. मुंगीएवढी अक्षरंही तिने सोडली नाहीत.

“बघा!” बायकोने सुरी खाली ठेवली. “उगाच पोरीच्या मागे लागलात.”

टर्नरचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस आपण या लेकराला चोरासारखं वागवलं, याची त्याला लाजही वाटली. तिच्या डोळ्यावरचा हात तो काढणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की तिच्याबरोबर आपलेही ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि त्याला तर दारावर एक पांढरा चौकोन आणि काळं गिचमिड एवढंच दिसत होतं.



“तक्ता नवीन आहे,” तो म्हणाला. “आज सकाळीच लावलाय.”

बायको दाराजवळ गेली, अगदी नाक लावून तिने तक्ता पाहिला आणि तिथेच उभी राहिली.

“जुना तक्ता कधी पाठ केलास?” टर्नरने विचारलं.

“पाठ नाही केलं,” लेक म्हणाली. “तुम्ही दाढी करताना म्हणता ना दरवर्षी. कंपनीत तपासणी असली की.”

“अगं, पण आमच्यापासून कशाला लपवायचं?”

“मला त्या लेन्स डोळ्यांत घालायच्या नाहीयेत.” तिचा आवाज चिरकला. “रोज सकाळी तुम्ही आरशापुढे काय काय करता ते मी बघते. डोळा लाल होतो. पाणी येतं. मग तुम्ही बेसिनला धरून उभे राहता.”

इतके दिवस आपण तिच्यावर पाळत ठेवतोय असं त्याला वाटत होतं.

“वेळेत गेलं तर त्या घालाव्या नाही लागत,” तो म्हणाला. “किरणांनी तो पडदा घट्ट करतात. बहुतेकदा आजार आहे तिथेच थांबतो. मी उशिरा गेलो, बाळ. तोपर्यंत मी पाठच म्हणत होतो. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. तिथे दिसेल ते दिसतं म्हणायचं, नाही ते नाही.”

“आणि परवा तुमची तपासणी आहे. तुम्ही काय म्हणणार?”

‘माझं वेगळं आहे,’ हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायको त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत नापास झालेल्याला लेथवरून उठवून गोदामात बसवतात, हे त्या घरात तिघांनाही माहीत होतं. वीस वर्षांचा हात होता त्याचा लेथवर.

त्याने स्टूल ओढलं आणि लेकीच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसला.

“र,” त्याने वाचलं. पापण्या ताणल्या, मान पुढे काढली. “दुसऱ्या ओळीत… ट. मग द असावा. की ढ?” तो बराच वेळ तसाच बघत राहिला. “पुढचं मला दिसत नाही.”

बायकोने पदर तोंडाला लावला.

मग लेकीने आपला हात उचलला आणि उजवा डोळा स्वतःच झाकला, बोटं घट्ट मिटून.

“मला वरचं एकच दिसतं, बाबा,” ती म्हणाली. “आणि ते पण तीन-तीन.”