टीव्हीचा पाइप

तात्यांची मान. मावळतीचं ऊन. सोफ्याची लांबी. पोळपाट. एवढ्या चार गोष्टींवरून नव्या घरात भांडण जुंपलं होतं, कारण गिलावा झाला होता, उद्या रंगारी येणार होता आणि टीव्ही कुठल्या भिंतीवर लावायचा हे ठरत नव्हतं.

“माझी मान उजवीकडे वळत नाही,” तात्या म्हणाले.

“डावीकडे ऊन येतं, आणि समोर सोफा मावत नाही,” त्यांचा मुलगा शरद म्हणाला.

“मला ओट्यापाशी पोळ्या लाटताना दिसला पाहिजे,” सून कुंदा म्हणाली. “लग्न झाल्यापासून मी मालिका नुसत्या ऐकतेय. कोण रडतंय ते आवाजावरून ओळखते.”

“रडणाऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात,” तात्या म्हणाले, आणि बापलेक हसले.

वायरमन दस्तगीर छताकडे बघत होता. “भांडू नका, तात्या. केबलचा आणि इंटरनेटचा पाइप स्लॅबमधनं येतो. तो स्वयंपाकघरातच उतरलाय.”

“मग भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून वायर हॉलमध्ये आण!”

“आणतो की. पांढरी पट्टी, दारावरनं पार कोपऱ्यापर्यंत. दिसंल मात्र.”

तात्यांनी दारापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली. नव्या घराला उघडी पट्टी, आणि वास्तुशांतीला सगळे व्याही येणार. “राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “माझी खुर्ची आत नेतो.”

“आत बसणाऱ्यानं मेथी निवडायची,” कुंदा म्हणाली.

स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी शरद सिमेंट आणायला गेला होता, तात्या झोपले होते, आणि पाइप कुठे उतरवायचा ते दस्तगीरला कुंदाने दाखवलं होतं.