आईची धाप

शर्यतीत यवतेश्वरचा घाट दिगंबर एका दमात धावत चढला. इतकी मोकळी छाती त्याला कित्येक महिन्यांत लाभली नव्हती. चुलीच्या धुराने आईची फुप्फुसं निकामी होत आली, तेव्हा दवाखान्यात त्याने आपली फुप्फुसं तिच्याशी जोडून घेतली होती. तेव्हापासून चालायची ती आणि धाप लागायची याला. ती नुसती मोरीपर्यंत गेली, तरी हा ऑफिसात खुर्ची धरून उभा राहायचा.

आज मात्र एकदाही तसं झालं नाही. "आई सुधारतेय," असं त्याने सोबत्यांना कौतुकाने सांगितलंही.

दुपारी तो गळ्यात मेडल घालूनच घरी आला. पहाटे त्याने आईला खाटेवर जिथं बसवलं होतं, तिथंच ती होती. समोरच्या फळीवर पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.

"आई, पाणीसुद्धा प्यायली नाहीस?"

"तूच म्हणलास न्हवं, आज शर्यत हाय, हलू नगंस म्हणून."

आपण असं म्हणालो होतो, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. त्याने मेडल शर्टाच्या आत सारलं.

"संपली न्हवं शर्यत?" आईने विचारलं. "मग आता मोरीला जाऊन येऊ का?"