सात नंबरचा वेग

सात नंबरचा ठिपका चोविसावर गेला, तरी तिने माइकचं बटण दाबलं नाही.

मर्यादा विसाची होती. पडद्यावर आठ ठिपके, म्हणजे वाळूने भरलेले आठ शिकाऊ ट्रक. खडी, चिखल, चढ, उतार मिळून नऊ किलोमीटरचा कच्चा रस्ता. आणि टेकडीवरच्या, तीन बाजूंनी काचा असलेल्या खोलीत ती एकटी. कोणी वीस ओलांडलं की नंबर घेऊन 'वेग' म्हणायचं, एवढंच तिचं काम. दहा सेकंदांत वेग उतरला तर गोष्ट तिथेच मिटायची. पंचवीस झाले की मात्र तिच्या हातात काही नसायचं. यंत्र आपणहून खालच्या कचेरीत कागद काढायचं, आणि तो कागद निघाला की त्या माणसाचं प्रमाणपत्र गेलं.

चोवीस. तेवीस. वीस. एकोणीस. तिने टेबलाची कड सोडली.

पहिले तीन आठवडे सात नंबरला हाक मारायची वेळच आली नव्हती. मग एका सकाळी, अकरा वीसला, लांब सपाट पट्ट्यावर तो एकवीसवर गेला.

"सात नंबर, वेग."

"चुकलो, बाई. घेतो खाली."

बाकीचे नुसतं 'हं' म्हणायचे. याने चार शब्द खर्चले होते. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यावर, त्याच सुमारास, पुन्हा एकवीस. तिसऱ्या दिवशीही तेच. तिला आकड्यांचा नाद होता, त्यामुळे चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. हा उतारावर कधी चुकत नाही. वळणावर नाही. पुढेमागे दुसरा ट्रक असताना तर नाहीच. चुकतो ते दिवसातून एकदा, जिथे चुकून कोणाचं काही बिघडणार नाही अशा जागी.

माणूस एकटा आहे, तिने ठरवून टाकलं. दिवसभर केबिनमध्ये कोणी बोलायला नाही, म्हणून हाक ओढवून घेतो. तिला ते कळत होतं. ती दिवसभरात किती बोलते हे तिने एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. शंभर सेकंद. त्यातही निम्मे आकडेच. घरी दोन खोल्या, आणि आत शिरताना आवाज फक्त किल्लीचा. हल्ली अकरा वाजले की ती चहाचा कप बाजूला सारून पडद्याकडे बघत बसायची.

सोमवारी शिकवणारे मास्तर तक्ते न्यायला टेकडी चढून आले.

"ताई, आजोबा तुमच्या हाकेवर चालतात की काय?"

"कोण आजोबा?"

"सात नंबर हो. बावन्न वर्षांचे आहेत, पोरांनी नाव पाडलंय. शहरात बस चालवायचे, मार्ग बंद झाला. मी पोरांना यांचं उदाहरण देतो आणि नेमकी तेव्हा तुमची हाक येते. पंचाईत होते माझी." ते हसले, मग गंभीर झाले. "शनिवारी परीक्षा आहे. पास झाले तर खाणीत काम पक्कं. या वयात दुसरं कोण घेणार?"

मास्तर गेल्यावर तिला वाईट वाटलं. दोष तिचाच होता. तिच्या रागावण्याची त्याला गोडी लागली होती, आणि ती गोडी तीच पुरवत होती. हाक थांबली की सवयही थांबेल.

मंगळवारी ती गप्प बसली. तो बावीसवर गेला. बुधवारी तेवीस. आज गुरुवार, चोवीस.

उद्याचा आकडा तिने मनात मांडला आणि संध्याकाळचा चहा तिला गेला नाही.

शुक्रवारी अकरा अठराला सात नंबर वळणातून बाहेर पडला. पट्टा अजून पुढे होता. तिने बटण दाबलं.

"सात नंबर, वेग अठरा. अगदी बरोबर."

अशी हाक इथे कोणी ऐकलीच नव्हती.

"आमचा पण सांगा की, बाई," तीन नंबर म्हणाला.

"तीन नंबर, सतरा. आणि बडबड कमी."

कोणीतरी हसलं. सात नंबर अख्खा पट्टा अठरानेच गेला.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सात ट्रक आवारात लागले, पोरं उतरून पळाली. सात नंबर शेवटी आला. ठिपका थांबला. थोड्या वेळाने रेडिओ खरखरला.

"बाई, आहात?"

"आहे. बोला."

"मंगळवारपासून तुम्ही गप्पच. काळजीच लागली होती."

तिने सकाळपासून घोकलेलं वाक्य काढलं. "हे बघा, उद्या परीक्षा आहे. एकटं वाटतं माणसाला, मी समजू शकते. पण हाकेसाठी वेग वाढवू नका. मी आपणहून हाक मारत जाईन."



"मला कसलं एकटं, बाई? घरी आम्ही नऊ जण. जेवताना स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदा खरंच चुकलो होतो. तेव्हा तुम्ही हाक मारलीत, आणि तो आवाज सकाळपासून कोणाशीच न बोललेल्या माणसाचा होता. म्हणून मग रोज एकदा चुकत गेलो."