साहेबांची मिशी

बुलडोझर बहुरूप्यांच्या वस्तीपाशी थांबला. सोबत आलेल्या पोलीस साहेबांनी घाम पुसायला टोपी काढली आणि सर्वोच्च नेत्यांचा हुकूम वाचून दाखवला: वस्ती आजच पाडायची.

पोलिसाचं सोंग घेऊन दारोदार मागण्यात सोनबाची हयात गेली होती. घर वाचवायला त्याच्याकडे तेवढीच विद्या होती. "सोंग झकास वठलंय," म्हणत त्याने साहेबांच्या टोपीत पसाभर ज्वारी ओतली.

"अरे, मी खरा आहे."

"आम्हीबी हेच सांगतो, साहेब."

हसायला तेव्हा परवाना लागायचा. सगळी वस्ती विनापरवाना हसली.

"फक्त मिशी जरा सुटतीय, बघा," सोनबा म्हणाला.

साहेबांचा हात नकळत मिशीकडे गेला.

बुलडोझरवाल्याने ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं. खोट्या साहेबाच्या हुकमावरून घरं पाडायची त्याच्या खात्यात पद्धत नव्हती.