घरचे धरायचे नाहीत

हे लिहिणारच नव्हतो, कारण यातला गाढव मीच आहे. आता लिहायला बसलोच आहे, तर स्वतःला ‘यादीवाला’ म्हणतो. तेवढीच लाज कमी.

तर पाचला दहा कमी होते आणि यादीवाल्याच्या डोळ्यांसमोर छोटं स्टेज माणसांनी गच्च भरत होतं. छोटं स्टेज म्हणजे पार्किंगच्या मागे, फिरत्या संडासांच्या शेजारी, चार फळ्या आणि दोन स्पीकर. उन्हाळी महोत्सवात इथे वाजवणाऱ्याला फक्त त्याची आई ऐकते, तीही उभ्याउभ्या. आज मुंगी शिरायला जागा नव्हती. पोरं बापाच्या खांद्यावर, पोरी कचऱ्याच्या डब्यांवर.

स्टेजवर भिंग्या. यादीवाल्याचा शाळेपासूनचा मित्र. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, संध्याकाळी त्याच्या ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत बेस गिटार वाजवायचा. चौघांचा बँड, सहा वर्षं झाली, आणि ऐकणारे अजून एका रिक्षात मावायचे. ताईला आठवा महिना लागला होता. खोली बाळाला हवी होती. म्हणून तिने अट घातली होती.

“महोत्सवात वीस माणसं तुमचं ऐकायला थांबली, तर खोली तुझी. नाहीतर गिटारचा तो अँप्लिफायर विकायचा आणि तिथे पाळणा. आणि हो, घरचे धरायचे नाहीत.”

मोजायला ती स्वतः पहिल्या रांगेत घडीची खुर्ची टाकून बसली होती. शेजारी भाऊजी, हातात छत्री. शंभराच्या पुढे तिने नाद सोडला.

“वाचलं रे लोकांनी!” भिंग्या स्टेजवरून वाकून ओरडला. “दुकानात डोळे तपासायच्या तक्त्याखाली पोस्टर लावलं होतं ना मी? वाचलं!”

यादीवाल्याला काहीतरी खटकलं. त्याने फोन काढला. शहरात कुठे काय वाजतंय याची यादी तो दर आठवड्याला टाकायचा. नऊ हजार लोक ती वाचायचे. महोत्सवाच्या फलकापेक्षा त्यांचा हिच्यावर जास्त विश्वास. काल दुपारी जेवता जेवता एका हाताने टाइप केलेली यादी त्याने उघडली. पाच वाजता, तळ्याकाठचं मोठं स्टेज: भिंग्याचा बँड. पाच वाजता, छोटं स्टेज: रेडिओवर दिवसभर वाजणारी ती मोठी गायिका.

उलटं. साफ उलटं.

त्याने फोन खिशात टाकला. मग त्याने स्वतःला बजावलं, गप्प बस. दोन गाणी होऊ दे. खोली मिळू दे.

पहिलं गाणं सुरू झालं आणि लोक नाचायलाच लागले. मोठ्या गायिकेआधी कुणीतरी लोकांना तापवायला असतं, हे तेच असणार, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या गाण्याला अख्खं पार्किंग उड्या मारत होतं. ड्रमवाला रडत होता. भिंग्याने घामेजलं तोंड पुसलं आणि खाली वाकून यादीवाल्याच्या कानात ओरडला, “उद्या राजीनामा! मालकाच्या हातात चष्मा देतो आणि सांगतो, आता तुम्हीच बसवा काचा!”

आता मात्र यादीवाल्याला राहवेना. तो सरळ स्टेजवर चढला.

“राजीनामा नको देऊस. यादी चुकली माझी. ही सगळी त्या बाईसाठी आलीत.”

भिंग्याने गर्दीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग असा हसत सुटला की गिटार हातातून पडता पडता राहिली.

“म्हणजे नऊ हजार लोक तुझं ऐकतात? तुझं?” मग त्याने माईक ओढला. “मंडळी, तुमची गायिका तळ्याकाठी आहे! आमच्या यादीवाल्याने घोळ घातलाय. पळा, अजून अर्धा कार्यक्रम मिळेल! आम्ही आहोत इथेच, संडासाजवळ!”

ड्रमवाल्याने त्यांना पळायला ठेका दिला. दोन मिनिटांत मैदान साफ. नुसती धूळ आणि एक चप्पल.

धूळ बसली. चप्पल काढून गवतावर बसलेले एक आजोबा जागचे हलले नव्हते. डब्यावरच्या दोन पोरी नाचतच होत्या. संडास धुणारी बाई मॉपच्या दांड्याने ताल धरून उभी होती. असे थोडे इकडे, थोडे तिकडे. भिंग्याने तिसरं गाणं सुरू केलं. ताई उठली आणि बोट नाचवत मोजू लागली.

“सतरा, अठरा... एकोणीस.”

यादीवाल्याने हात वर केला.

“तू घरचाच,” ताई म्हणाली.

भाऊजींनीही छत्री वर केली.

“तुम्ही गप्प बसा.”

भिंग्याला सगळं ऐकू येत होतं. तो खाली मान घालून वाजवत राहिला. बेस असा घुमत होता की फळ्या थरथरत होत्या. एकदम ताई खुर्चीत बसली, हात पोटावर. भाऊजींची छत्री पडली. यादीवाला धावला.

“काही नाही रे,” ती म्हणाली. “लाथा मारतंय. अगदी ठेक्यावर.” मोजायचं बोट तिने पोटावर टेकवलं. “वीस.”

“पण घरचे धरायचे नाहीत ना?” यादीवाल्याच्या तोंडून निसटलं. भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला.

“ते अजून घरी आलंय कुठे?” ताई म्हणाली.

भिंग्याने गिटारसकट स्टेजवरून उडी मारली आणि यादीवाल्याला घट्ट मिठी मारली. घामाने चिंब, हसू आवरेना. मग एकदम गंभीर झाला.

“पण मग ते झोपणार कुठे रे?”

“त्याच खोलीत. आणि तुमचा सराव असेल तेव्हा माझ्याकडे,” यादीवाला म्हणाला. “लंगोटांसकट. शब्द देतो.”