लिंबाएवढ्या गारा

गारा थांबल्या तशी आचल परात घेऊन अंगणात धावली. लिंबाएवढ्या गारा! बर्फाच्या देशातले लोक ताज्या बर्फावर गोड पाक ओतून खातात, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. अचलपूरकडच्या त्यांच्या गावात बर्फ कुठला पडायला? पण हे काय कमी होतं!

परात भरली. चिखलात खलाचा लोखंडी बत्ता पडलेला दिसला. कुटायला बरा, म्हणून तिनं तो उचलून धुतला. खलात गारा कुटल्या, पेल्यात दाबल्या, वरून दोन संत्री पिळली, साखर आणि चिमूटभर काळं मीठ टाकलं. झकास गोळा!

तेवढ्यात पत्र्यावर पुन्हा तडतड सुरू झाली.

"बत्ता कोनं उचलला?" मनकर्णाआजी दारातून ओरडली. गारा थांबाव्या म्हणून तिनंच तो अंगणात फेकला होता. लोखंड फेकलं आणि थांबल्याही होत्या.

"आजी, बत्त्यानं कुठं गारा थांबत असतात? विज्ञानात तर..."

"मंग सांग तुह्या विज्ञानाले, थांबव म्हना! बाप वावरात हाय अन् तू गोळा करून राहिली?"

आजीनं बत्ता हिसकावला आणि पुन्हा अंगणात भिरकावला. पत्रा वाजतच राहिला. बाबांचा फोन लागेना. उभा हरभरा परवा सोंगून घरी आणायचा होता. बत्ता उचललाच नसता तर, असं आचलच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

गारा ओसरल्यावर बाबा आले. डोक्यावर खताचं रिकामं पोतं, भुवईवर रक्त.

"हरभरा?" आजीनं विचारलं.

बाबांनी तळहात जमिनीकडे आडवा फिरवला. आजी आचलकडे वळली.

तिनं तोंड उघडायच्या आत आचल म्हणाली, "बाबा, आजीनं फेकलेला बत्ता मी उचलला होता."

"काहून?"

तिनं पेला पुढे केला. "गारांचा गोळा करायले."

बाबांनी तो घेतला आणि कडकन एक घास तोडला.

"या गारायनं माहा हरभरा खाल्ला," ते चावत म्हणाले, "आता मी यायले खातो."