सत्तर किलो

सरांनी पहिला पाय पुलावर ठेवला आणि पूल कुरकुरला. मिलिमीटरने श्वास रोखून धरला.

"कठडा कुठे गेला रे?" सरांनी तिथूनच विचारलं.

"खाली गेला, सर," लंबू म्हणाला.

सरांनी वाकून पाण्यात पाहिलं.

"तिकडे नाही, सर. पुलाच्या खाली. टेकूंना."

सर "हं" म्हणाले आणि त्यांनी दुसरा पाय उचलला.

वर्कशॉपमागच्या हौदावर सहा जणांनी मिळून हा लाकडी पूल बांधला होता. हौद कमरेएवढा खोल. इंजिनिअरिंगचं कॉलेजच एवढंसं, की शेवटच्या वर्षाचा अख्खा वर्ग म्हणजे हे सहा जण. त्यामुळे पूल एक आणि सगळ्यांचं नशीबही एकच. परीक्षा म्हणजे सरांनी स्वतः त्यावरून चालत जायचं. टिकला तर सुट्टी. कोसळला तर सुट्टीभर इथेच राहून नवा बांधायचा. आधीच्या बॅचचं काय झालं, असं विचारलं की जुनी मुलं नुसती हसायची. "टॉवेल लागेल," एवढंच सांगायची. घाम फार येत असेल, असं मिलिमीटरला वाटलं होतं.

कुणी "वीतभर" म्हटलं की ती पट्टी काढायची. तिचं खरं नाव त्यामुळे हजेरीपुरतंच उरलं होतं. सुट्टी तिला हवीच होती. ताईला मुलगी झाली होती आणि भाचीला तिने अजून फक्त फोटोत पाहिलं होतं. संध्याकाळच्या बसचं तिकीट खिशात होतं, आणि तो फोटो तिने सरांच्या घरच्या काकूंपर्यंत सगळ्यांना दाखवून झाला होता.

घोळ फळ्यापासून सुरू झाला होता. "माणसाचं वजन : सत्तर किलो," असं सरांनी पहिल्याच दिवशी लिहिलं. "माझंच धरा," म्हणत त्यांनी छातीकडे हात नेला. तो पोटावर टेकला. सगळ्यांनी वहीत सत्तर लिहून घेतलं.

"सर खोटं कशाला बोलतील?" मॉनिटर नंतर म्हणाला.

"वजनाबद्दल सगळेच बोलतात," मिलिमीटर म्हणाली. "माझी मावशी कित्येक वर्षं पंचावन्नच किलोची आहे."

पण सरांना काट्यावर उभं राहा म्हणणार कोण? म्हणून ती चहाच्या सुट्टीत, सर नेहमी बसायचे त्या लांब बाकाजवळ पट्टी घेऊन घुटमळली. सर बसले आणि बाकाची फळी अठरा मिलिमीटर वाकली. ते गेल्यावर तिने लंबूला त्याच जागी बसवलं. दहा. जागा बदलली तर हिशेब चुकतो, म्हणून मॉनिटरला लंबूच्या मांडीवर बसवलं. बरोबर अठरा. मग दोघांना गोदामातल्या काट्यावर चढवलं. एकशे चौदा.

लाकूड मोजूनमापून मिळालेलं, जास्तीचं मागायची सोय नव्हती. मॉनिटरने हौसेने केलेला नक्षीदार कठडा निघाला आणि त्याचे टेकू होऊन पुलाच्या पोटाखाली गेले. मॉनिटर अजून तिच्याशी नीट बोलत नव्हता.

सर मधोमध पोचले. पूल पुन्हा कुरकुरला, जरा वाकला आणि तसाच थांबला. पलीकडच्या काठावर सरांच्या घरच्या काकू कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या. सरांचा डबा असावा. सरांनी शेवटचं पाऊल टाकलं आणि ते जमिनीवर आले. मागे वळून त्यांनी पुलाकडे बराच वेळ पाहिलं. चेहरा जरा पडलेलाच होता.

"सत्तर किलोसाठी एवढे टेकू?"

"सौंदर्यासाठी म्हण, सौंदर्यासाठी," मॉनिटर मागून पुटपुटला.

मिलिमीटरने तिकीट खिशातल्या खिशात घट्ट धरलं. खोटं तिच्याच्याने बोलवेना.

"सत्तर धरलेच नाहीत, सर. एकशे चौदा धरले."

"का? मी सांगितलं होतं ना?"

"विश्वास बसला नाही, सर."

लंबूने डोळे मिटून घेतले. आणि काकू एवढ्या जोरात हसल्या, की त्यांना पुलाचाच आधार घ्यावा लागला.

"सत्तर तर हे लग्नातसुद्धा नव्हते गं! दरवर्षी फळ्यावर तेच लिहितात आणि दरवर्षी एकही पोर मोजून बघत नाही."

"पास," सर म्हणाले. "सगळे. पळा आता घरी."

काकूंनी पिशवी उघडली. आत घडी घातलेला सदरा होता, पायजमा होता आणि वर एक मोठा मऊ टॉवेल. टॉवेल त्यांनी मिलिमीटरच्या हातात ठेवला.

"भाचीला दे. इतक्या वर्षांत कोरडा परत निघालेला हा पहिलाच."